मालिका चुकायची त्या काळाविषयी

आठवीच्या वर्गात मी 'चुकणे' या क्रियापदाचे अर्थ शिकवत होते. गणित चुकतं, वाट चुकते, नेम चुकतो, एसटी चुकते. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, "मालिका चुकते." मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, मालिका कशी चुकेल? नंतर बघायची ना."

वर्गात कोणी हसलं नाही. तिचा प्रश्न सगळ्यांनाच बरोबर वाटला होता. मीच फळ्यासमोर अडखळले. आमच्या घरात उर्दूत 'छूट गया' म्हणत, म्हणजे सुटलं, हातातून गेलं. एसटी सुटते आणि मालिकाही सुटते, आणि मागे धावून दोन्ही मिळत नाहीत, हे आमच्या पिढीला कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. या मुलांना ते समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि तरी पटलं असेल असं वाटत नाही. घरी येताना मनात आलं की हा अर्थ नेमका कधी मेला, ते एकदा लिहून काढावं.

सुरुवात करमणुकीपासून झाली नाही, घड्याळापासून झाली. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्या वेळांत तीन तासांचा फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी वाचलेल्या बातम्या तिकडे पोचत तेव्हा दुपार असे आणि माणसं कामावर असत. एप्रिल १९५६मध्ये अँपेक्स नावाच्या कंपनीने शिकागोत एक यंत्र दाखवलं. दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत आणि तिच्यावर आडवी फिरणारी चार हेड. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस वाहिनीने न्यूयॉर्कहून आलेल्या बातम्या हॉलिवूडमध्ये टेप करून तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यावर दाखवल्या. टीव्हीवरची वेळ पहिल्यांदा अशी सरकली. पण ती सरकवणारा हात वाहिनीचा होता, घरातल्या माणसाचा नव्हता. फीत इतकी महाग होती की वाहिन्या तीच पुसून पुन्हा वापरत. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६०च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग आज सापडत नाहीत, त्याचं कारण हेच.

घरातल्या माणसाच्या हातात ही गोष्ट आली १९७५मध्ये, सोनीच्या बीटामॅक्समुळे. पुढच्याच वर्षी जेव्हीसीचं व्हीएचएस आलं. बीटामॅक्सचं चित्र सरस होतं असं जाणकार आजही सांगतात, पण सुरुवातीच्या त्याच्या कॅसेटमध्ये एकच तास मावे आणि व्हीएचएसमध्ये दोन. सिनेमा एका तासात संपत नाही. ग्राहकाला एवढा हिशेब पुरेसा होता.

सोनीच्या एका जाहिरातीत म्हटलं होतं की आता 'कोलंबो' बघताना 'कोजॅक' चुकवायची गरज नाही. दोन्ही मालिका युनिव्हर्सल या एकाच स्टुडिओच्या. स्टुडिओने १९७६मध्ये डिस्नेला सोबत घेऊन सोनीवर दावा ठोकला. लोक आमची मालिका फुकट टेप करून ठेवणार, मग आमच्या हक्काचं काय, असा त्यांचा मुद्दा. खटला सात वर्षांहून अधिक काळ चालला. १७ जानेवारी १९८४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. घरी, स्वतःपुरतं, नंतर बघण्यासाठी टेप करणं हा गुन्हा नाही. लहान मुलांचा कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांची साक्ष या निकालात उद्धृत केलेली आहे. कुटुंबाला सोयीच्या वेळी कार्यक्रम बघता आला तर त्यात वाईट काही नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मला ही साक्ष फार आवडते. एवढ्या वकिलांच्या गर्दीत एकच माणूस घराविषयी बोलत होता.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे ही गोष्ट निराळ्याच रस्त्याने आली.

दिल्लीत टीव्ही १९५९ला सुरू झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला. एशियाडच्या वर्षी, १९८२मध्ये, रंग आला. १९८४मध्ये देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली आणि आमच्यासारख्या कोकणातल्या गावांतही कौलांवर अँटेना दिसू लागले. वाहिनी एकच. 'कोलंबो' की 'कोजॅक' हा प्रश्नच आपल्याकडे उद्भवत नव्हता. एका वेळी दोन कार्यक्रम असते तर निवडायचं ना.

म्हणून बहुतेक भारतीय घरांत व्हिडिओ म्हणजे टेप करायचं यंत्र नव्हतंच. व्हिडिओ म्हणजे सिनेमा. रात्रभरासाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर, सोबत तीन कॅसेट, अंगणात सतरंज्या. अनेकांकडे तर व्हीसीपी असायचा, म्हणजे नुसता दाखवणारा, त्यात टेप करायची सोयच नाही. चोरून उतरवलेल्या कॅसेटींचा धंदा एवढा वाढला की १९८४मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेचं न्यायालय घरातल्या टेपला मोकळीक देत होतं. आपलं भांडण दुकानाशी होतं, त्यांचं दिवाणखान्याशी.

मग आपल्याकडे टीव्हीवरचं टेप कोण करत होतं? माझ्या अनुभवापुरतं सांगते. ज्या घरातलं कोणीतरी दूर होतं, ते घर टेप करत होतं.

माझे अब्बा कुवेतला एका दुकानात हिशेबनीस होते. १९८६च्या सुट्टीत त्यांनी नॅशनलचा व्हीसीआर आणला. साधा व्हीसीपी नव्हे, टेप करणारा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा असे दोनच. कुवेतचा टीव्ही आपल्यासारखाच पाल पद्धतीचा, त्यामुळे तिथली कॅसेट इथे रंगीत दिसे आणि इथली तिथे. सौदीला असलेल्यांच्या घरी हा घोळ असायचा. तिथली पद्धत सेकाम, त्यामुळे तिथे टेप केलेली कॅसेट गावातल्या सेटवर काळी-पांढरी दिसायची, आणि बिचारे बिघाड शोधत बसायचे.

गल्फहून कॅसेटी यायच्या त्या प्रामुख्याने पाकिस्तानी नाटकांच्या. हसीना मोईन यांची 'तन्हाइयाँ' आणि 'धूप किनारे', नंतर उमर शरीफचं 'बकरा किस्तों पे'. गावातल्या ज्या बायकांना उर्दू लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांना या नाटकांतले संवाद पाठ होते. माझं उर्दूवरचं प्रेम मदरशातून आलं की या कॅसेटींतून, हे मला आजही सांगता येणार नाही. बी.एड.च्या मुलाखतीत मात्र मी वेगळंच काहीतरी सांगितलं होतं.

उलट दिशेनेही कॅसेटी जायच्या, आणि ते काम माझ्या आपाचं.

आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. १९८८मध्ये दूरदर्शनवर गुलजार यांची 'मिर्ज़ा ग़ालिब' सुरू झाली, नसीरुद्दीन शाह ग़ालिबच्या भूमिकेत आणि संगीत जगजीत सिंग यांचं. अब्बांनी पत्रात लिहिलं की इथे सगळे याविषयी बोलतात आणि आम्ही बघू शकत नाही. बस्स. त्या दिवसापासून मालिकेच्या वेळी आपा व्हीसीआरसमोर मांडी घालून बसू लागली. यंत्रात टायमर होता, पण गावातली वीज दिवसातून चारदा जायची आणि प्रत्येक वेळी त्याचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं. त्यामुळे माणूस बसवणं भाग होतं. त्यात कोरी कॅसेट महाग, जाहिरातींवर फीत फुकट घालवायची नाही असा अम्मीचा हुकूम. जाहिरात आली की पॉज, मालिका सुरू झाली की पॉज सोडायचा. उशीर झाला तर संवादाचे दोन शब्द जायचे आणि पुढच्या पत्रात अब्बा विचारायचे, "तिथे तो काय म्हणाला?"

'टेप केल्यामुळे माणूस वेळेच्या गुलामीतून सुटला' असं सहज म्हटलं जातं. आमच्या घरात अब्बा सुटले आणि आपा अडकली. कोणाला तरी सोयीच्या वेळी बघता यावं म्हणून कोणी तरी गैरसोयीच्या वेळी जागेवर बसायचं. आणि ती जागा कोणाची, हे आमच्यासारख्या घरांत न बोलताच ठरत असे.

फक्त ग़ालिबच नाही. अब्बांच्या खोलीत चिपळूणचे एक काका राहायचे, हिंदू. त्यांना 'रामायण' हवं होतं. २५ जानेवारी १९८७ला ते सुरू झालं आणि रविवारी सकाळी गावातले रस्ते कसे ओस पडत, ते वाचकांना माहीत आहे, त्यावर भरपूर लिहून झालंय. आमच्या घरातही ते बघायला शेजारपाजारची मंडळी यायची. पण त्या वर्षी एका मुसलमान घरात, रमजानमध्येसुद्धा, चौदा वर्षांची एक मुलगी कुवेतमधल्या एका हिंदू काकांसाठी 'रामायण' टेप करत बसे, हे कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटतही नव्हतं. पुढे 'महाभारत' आलं तेव्हा आपाने कॅसेटवर उर्दूत नाव लिहिलं आणि खाली राही मासूम रज़ा यांचं नाव जोडलं. संवाद त्यांचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरातल्या बघण्याच्या सवयीही बदलल्या, पण सावकाश. आमच्या जमातीत टीव्हीविषयी दोन मतं होती. दोनच होती असं नाही, पण मोठ्याने बोलली जायची ती दोन. एक, टीव्ही घरात नकोच. दुसरं, असू दे, पण नमाजच्या आड येता कामा नये. आमचा टीव्ही लाकडी झडपांच्या कपाटात असे, अजान झाली की दादी झडपा ओढून घेई. मगरिब आणि इशा या दोन्ही नमाजांच्या वेळा संध्याकाळच्या, आणि टीव्हीवरचं चांगलं जे काही असे तेही संध्याकाळचंच. रमजानमध्ये तरावीह असायची, आणि नऊची मालिका नेमकी तिच्या मधोमध यायची. व्हीसीआरने हे भांडण गुपचूप मिटवलं. पुरुष मशिदीत जात, घरात मालिका टेप होत असे, परत आल्यावर सरबत पिता पिता ती बघितली जाई. ज्या मंडळींचा टीव्हीला विरोध होता त्यांच्यातले एक-दोघंही तरावीहनंतर आमच्या ओटीवर टेकायचे. आत यायचे नाहीत, पण खिडकी उघडी असायची.

याहून मोठा बदल दुपारचा. संध्याकाळी ओटीवर पुरुष असत, म्हणून मोहल्ल्यातल्या बायका फारशा येत नसत आणि आल्याच तर स्वयंपाकघराच्या दारातून बघत. टेप केलेली मालिका दुपारी दोन वाजता लावता येते, हे कळल्यावर घराचा नकाशाच बदलला. जेवणं आवरली, पुरुष कामावर किंवा परदेशी, की खाला, मामी, शेजारच्या चाची ओटीवर ऐसपैस बसायच्या. कोणी तांदूळ निवडतंय, कोणी झोळी हलवतंय. कळलं नाही तर मागे घ्यायचं. रडण्याचा प्रसंग दोनदा बघायचा. "पुन्हा लाव गं आपा, ती काय म्हणाली ते?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. संध्याकाळच्या बघण्यात टीव्ही बोलायचा आणि घर ऐकायचं. दुपारच्या बघण्यात घर मध्येच थांबवून बोलू लागलं. नसीमा चाचींची (नाव बदललं आहे) सून नांदायला तयार नाही हा विषय 'धूप किनारे' थांबवून जवळजवळ एक तास चालला होता आणि त्या दिवशी तो निकालीही निघाला.

त्यामुळे टेप करण्याने कुटुंबाचं एकत्र बघणं मोडलं, हे मत मला मान्य नाही. आमच्याकडे त्याने आणखी एक बैठक तयार केली. मोडलं ते नंतर, घरात दुसरा टीव्ही आला तेव्हा, आणि मग प्रत्येकाच्या हातात फोन आला तेव्हा.

२ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेतवर चढाई केली. जवळजवळ दोन महिने आम्ही रेडिओला कान लावून होतो. सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना तिथून आणलं गेलं, बहुतेकांना जॉर्डनच्या अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला. अब्बा सप्टेंबरच्या शेवटी आले. हातात एक रेग्झिनची बॅग, त्यात दोन शर्ट आणि पासपोर्ट. वाळवंटातल्या छावणीत काढलेल्या दिवसांविषयी ते फारसं बोलले नाहीत. चिपळूणचे काकाही सुखरूप आले. कॅसेटी मात्र सगळ्या तिथेच राहिल्या. आमच्याकडे दुसरा व्हीसीआर नसल्याने प्रती काढता येत नव्हत्या, आपा मूळ टेपच पाठवायची. आम्हाला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माणूस परत आला होता.

एक कॅसेट वाचली होती, ग़ालिबची तिसरी. ज्यांच्यासोबत ती पाठवायची होती त्यांचं सामान वजनात बसेना, म्हणून त्यांनी ती परत दिली होती. नंतर अब्बांनी सुट्टीत घरीच बघितली आणि ती कपाटात राहिली. आपाने तिच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची पत्री तोडून ठेवली होती. पत्री तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा टेप होत नाही. पण त्या भोकावर सेलोटेप चिकटवली की होतं, हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. १९९१मध्ये, आपाचं लग्न होऊन ती पनवेलला गेल्यावर, मी सेलोटेप चिकटवली आणि रविवारच्या 'रंगोली'तली गाणी टेप करायला घेतली. वय अकरा. कोऱ्या कॅसेटसाठी पैसे मागायची सोय नव्हती, अब्बा बेकार होते. बाकी माझ्याकडे काही सफाई नाही.

पुढची हकिकत झटपट सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९९२मध्ये झी टीव्ही आला, गावात केबलची तार आली. नव्या वाहिन्यांना चोवीस तास भरायचे होते, म्हणून रात्रीची मालिका दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी पुन्हा दाखवू लागले. माझ्या मते आपल्याकडे व्हीसीआरला खरं मारलं ते या पुनःप्रक्षेपणाने. सीडी नंतर आली. आपा जे हाताने करत होती ते वाहिनीच करू लागली. चाची-खालांची दुपारची बैठक तशीच राहिली, फक्त थांबवायची सोय गेली. नसीमा चाचींसारखे विषय आता जाहिरातींत उरकावे लागत.

अमेरिकेत १९९९मध्ये टिवो आलं, फितीऐवजी हार्ड डिस्कवर टेप करणारं. आपल्याकडे २००८मध्ये टाटा स्काय प्लस. माझ्या भावाने तो घेतला आणि महिनाभरात त्याची डिस्क भरली. बघितलेलं त्यातलं फार थोडं होतं. फितीत तीन तासच मावत होते, त्यामुळे पुढचं भरण्याआधी मागचं बघून संपवावं लागे. जागा वाढली तशी 'नंतर बघू'ची रास वाढली. मग मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि टेप करणं हेच निरर्थक ठरलं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६मध्ये थांबली. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा ठरल्या वेळी दाखवलं, तेव्हा घराघरांत लोक पुन्हा घड्याळ बघून बसले. माझी आई त्या काळात रोज विचारायची, "आज चुकलं तर?" माझा मुलगा तिला फोनवर दाखवायचा, हे बघ दादी, इथे आहे. ती म्हणायची, असू दे, मी वेळेवरच बघते.

गेल्या पावसाळ्याआधी घर रंगवायला काढलं तेव्हा ती तिसरी कॅसेट सापडली. वर आपाच्या हातचं उर्दू, त्यावर काट मारून माझ्या हातचं मराठी. कोकणातल्या हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते, हिच्यावरही चढली होती. मुंबईत जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या एकाकडे दिली. त्याने फीत हाताने पुसून जेवढं निघालं तेवढं काढून दिलं. बाकी सगळी 'रंगोली', रेषारेषांची, गाणी मध्येच सुरू होणारी. शेवटी निळा पडदा, आणि मग, मी जिथवर पोचले नव्हते तिथली, ग़ालिबची नऊ मिनिटं.

फाइल आपाला पाठवली आणि फोन केला. तिने ती शांतपणे बघितली. मी विचारलं, "आपा, तेव्हा तू हे सगळं बघितलं होतंस ना?"

"बघितलं कुठे? बोट पॉजवर असायचं. नजर जाहिरात कधी येते त्यावर." मग म्हणाली, "हे आत्ता पहिल्यांदाच बघतेय."

त्या नऊ मिनिटांत एका जागी साबणाची एक जाहिरात पूर्ण आली आहे, आणि तिच्यामागे टूथपेस्टची अर्धी. आपाच्या हातून अशी चूक कधी होत नसे. मी तिला तेही विचारलं.

"भात उतू गेला असेल," ती म्हणाली. "अम्मी घरी नव्हती वाटतं त्या दिवशी."